मला गाडी लागते

मराठीतलं 'लागणं' हे क्रियापद भलतंच उद्योगी आहे. भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, नोकरी लागते. शेजारच्या ब्लॉकमध्ये भांडण लागलं की आपले कान तिकडे लागतात. आणि मला गाडी लागते. एवढं म्हटलं की पुरतं. ऐकणारा मुकाट्याने खिडकीजवळची जागा सोडतो, आणि शहाणा असेल तर त्याच्या मागच्या सीटवरचा माणूस खिडकीबाहेर काढलेलं कोपर आत घेतो.

आता या वयात मी हे वाक्य गाडीत बसायच्या आधीच जाहीर करते. पण लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. पदवीधर, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर तोरा. पुण्याच्या सुनेला गाडी लागते हे चारचौघांत कळलं तर पुण्याची अब्रू जाईल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझी थोरली बहीण, आमची ताई, पाचगणीला दिलेली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे निघालो, मी आणि हे. एसटीत खिडकी मी ह्यांना देऊन टाकली, कारण वाऱ्याने माझा अंबाडा विस्कटला असता. मांडीवर पेढ्यांचा पुडा, ताईच्या सासरी न्यायचा. वाईपर्यंत मी पुतळ्यासारखी ताठ.

"बरं वाटतंय ना?" ह्यांनी विचारलं.

"मला काय होतंय!" मी म्हटलं. आणि पसरणीचा घाट सुरू झाला.

दोनतीन वळणांतच माझ्या चेहऱ्याचा रंग बघून ह्यांना सगळं कळलं. जागा बदलू म्हणाले, पण मी हलायला तयार नाही. हलले असते तर तिथेच संपलं असतं. पिशवी आणलेली नव्हती, कारण पिशवी आणणं म्हणजे कबुली. हाताशी एकच भांडं, पेढ्यांचा पुडा. तो काठोकाठ भरलेला. आणि अन्न टाकून देणं ह्यांच्या रक्तात नाही. तेव्हा हे उठले, आणि डुलत्या एसटीत सीटसीटवर जाऊन पेढे वाटायला लागले. "घ्या हो. लवकर घ्या. दोन घ्या, दोन."

आता तुम्हीच विचार करा. नव्या कोऱ्या साडीतली नवी नवरी तोंडावर रुमाल धरून कासावीस झालेली, आणि तिचा नवरा गाडीभर पेढे वाटतोय. एसटीतल्या एकालाही काही विचारावं लागलं नाही.

"अरे वा, अभिनंदन!"

"पेढे वाटतायत, म्हणजे मुलगाच धरून चाललेत बघा."

मागून एक म्हातारी ओरडली, "अगं बयो, तीन महिने व्हायच्या आत कुणाला सांगू नये! आणि असल्या दिवसांत घाटात कशाला आणली पोरीला?"

कंडक्टरने पेढा गालात ठेवून ड्रायव्हरला गाडी दमाने घ्यायला सांगितलं. रिकामा पुडा वेळेवर माझ्या हातात आला. याहून अधिक तपशील देत नाही.

स्टँडवर तोंड धुऊन, चहा घेऊन आम्ही ताईच्या घरी पोचलो, तर बातमी आमच्या आधी पोचलेली. एसटीतली ती म्हातारी ताईच्या शेजारची निघाली, आणि पेढा देताना ह्यांनी तिला कुणाकडे चाललोय ते सांगितलेलं. ताईच्या सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या, आत पाट मांडलेला, नारळ, तांदूळ, खण, सगळी ओटीची तयारी. मला खरं सांगता आलं असतं. 'अहो, तसलं काही नाही, मला गाडी लागते' एवढं एक वाक्य. पण ते वाक्य बोलण्यापेक्षा मी पदर पुढे करून ओटी भरून घेतली! आमची लेक जन्मली त्यानंतर चांगल्या बऱ्याच वर्षांनी. ताईच्या सासूबाई मला भेटल्या की दर वेळी म्हणायच्या, "हत्तिणीलासुद्धा एवढा वेळ लागत नाही हो."

त्या दिवसापासून मी घाटाला हात जोडले. ताईच खाली येत राहिली. दर मे महिन्यात तुतीचा जॅम, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि आम्हा दोघींना पुरतील एवढ्या चहाड्या घेऊन उतरायची. तिला कधी काहीच लागलं नाही. बोललेलंसुद्धा.

यंदा मात्र ती आली नाही. गुडघ्यांनी संप पुकारला. फोनवर म्हणाली, "आता जिने नको नि प्रवास नको असं सांगितलंय. तुम्ही लोक फोनवर तोंडं दाखवता तेवढं बास."

"मग मी येते की."

पलीकडून ताई इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "तू येतेस! कुठल्या पुड्यातून?"

हसणं ओसरलं. मग म्हणाली, "राहू दे गं. आपलं एवढंच भेटणं होतं असं समजू."

हे मला खरंच लागलं. गाडीपेक्षा जास्त. फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, "मला पाचगणीला जायचंय."

ह्यांनी पेपर खाली केला नाही. "जाहीर केलंस ते बरं झालं. पेढे किती किलो आणू?"

आता आमच्या ह्यांच्या गाडीबद्दल सांगते. उंच, ऐसपैस, मऊ गाडी. बसायला सोफा. पण वळण आलं की वरातीत नाचणाऱ्या मामासारखी एका अंगावर कलते, आणि वळण संपल्यावर सरळ व्हायचं सोडून दुसऱ्या अंगावर जाते. डेक्कनच्या चौकात वळली की मला थेट कर्वे रोडपर्यंत मळमळतं. त्या गाडीतून घाट चढणं शक्यच नव्हतं.

इथे आमची नात आली. लेकीची लेक. खराडीला एका कंपनीत इंजिनियर आहे, आणि ती तिथे काय करते हे तिने मला वर्षभर सांगून पाहिलं होतं. मी आपली "वा वा" म्हणायचे. पण त्या रविवारी गच्चीवर आम्ही दोघी मिळून भलीमोठी सोलापुरी चादर पिळत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आणि मी पाचगणीचं रडगाणं गात होते. ती एकदम थांबली.

"आजी, थांब. हेच! हेच आहे माझं काम."

"धुणं?"

"अगं ऐक ना. गाडीच्या डाव्या आणि उजव्या चाकाच्या मध्ये एक लोखंडी दांडी असते. ही चादर म्हणजे ती दांडी. तू डावं चाक, मी उजवं. आता दोघी एकाच बाजूला फिरवू." फिरवली. चादर नुसतीच गोल फिरली. "काही झालं? नाही. म्हणजे स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडी काहीच करत नाही. आता मी उलट फिरवते." चादरीला पीळ पडला, पाणी निथळलं, आणि माझे हात ओढले गेले. "बघ, ती विरोध करते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते, एक चाक दबतं, एक सुटं होतं, तेव्हा दांडीला असा पीळ पडतो आणि ती गाडीला म्हणते, कलू नकोस."

"मग ह्यांच्या गाडीची दांडी झोपलीय का?"

"बारीक आहे. जाड घातली असती तर गाडी कमी कलली असती, पण मग सरळ रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेलं तरी तिने दुसऱ्या बाजूलाही हिसका दिला असता. अख्खी गाडी डुलली असती."

"पुण्यात एकच चाक खड्ड्यात जातं कुठे?" मी म्हटलं.

"आजी, सिरियसली. तर आम्ही काय करतो, ती दांडी मधोमध कापतो आणि तिथे मोटर बसवतो. सरळ रस्त्यावर मोटर दांडी सैल सोडते. तू स्टिअरिंग वळवलंस रे वळवलंस की गाडी कलायच्या आधीच तिला उलटा पीळ देते. गाडी कलतच नाही."

चादर माझ्या हातातून गळून पडली. परत धुवावी लागली. पण तेव्हा मला चादरीचं काय! ज्या कलण्याने मला आयुष्यभर पाचगणीपासून लांब ठेवलं, त्याच्यावर आमच्या घरातलीच पोरगी पगार घेऊन तोडगा काढत होती, आणि मी वर्षभर "वा वा" करत बसले होते.

नातीने दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे सुट्टी मागितली. हे साहेब बेंगळुरूचे. पुण्यात आल्यावर हौसेने, शिकवणी लावून मराठी शिकलेले. तिने त्यांना मराठीतूनच सांगितलं, की आजीला पाचगणीला न्यायचंय पण तिला गाडी लागते. संध्याकाळी माझ्या फोनवर अनोळखी नंबर.

"नमस्कार आजी. आपल्याला गाडी लागते असं मला समजलं."

घरातली गोष्ट ऑफिसात सांगितली म्हणून मी मनात नातीचा कान पिळला. "हो. लहानपणापासून."

"अरेरे. कोणती लागते? छोटी की मोठी?"

"छोटीसुद्धा लागते, पण मोठी फार लागते. मऊ असली तर विचारू नका."

"मऊ," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि किती वेळ लागते?"

"घाट संपेपर्यंत तर नक्कीच. कधीकधी दुसऱ्या दिवशीही लागल्यासारखी वाटते."

"काही हरकत नाही. दोन दिवस ठेवा. माझी स्वतःची गाडी ड्रायव्हरसह पाठवतो. आपण नि:संकोच घेऊन जा."

मी हतबुद्ध. पुण्यात लोक पत्तासुद्धा नीट सांगत नाहीत, आणि हा सद्गृहस्थ न पाहिलेल्या म्हातारीला ओकायला स्वतःची गाडी देतोय! मग लख्ख उजेड पडला. शिकवणीत 'लागणे म्हणजे हवे असणे' एवढंच शिकवलं असणार. मी जमेल तेवढ्या सभ्य शब्दांत खरा अर्थ सांगितला. मग ते असे आनंदले, की त्यांना लॉटरी लागली असं मला वाटलं.

"म्हणजे वळणावर आपल्याला त्रास होतो? आजी, आम्ही सगळे आमच्या मोटरवाल्या चाचणीच्या गाडीत रोज बसणारे लोक. आम्हाला काहीच होत नाही. आम्हाला आपल्यासारखं माणूस हवं होतं! चाचणीच्या फेरीला याल?"

माझ्या मळमळीला पहिल्यांदाच कुणी मागणी घालत होतं. मी हो म्हटलं. पण अट घातली: फेरी पसंत पडली तर पुढची चाचणी पसरणीच्या घाटात. "अवश्य," साहेब म्हणाले, "आम्हाला घाट लागतातच." आणि स्वतःच्या मराठीवर खूश होऊन हसले.

पहिली फेरी कात्रजच्या जुन्या घाटात, रविवारी सकाळी. चाचणीची गाडी चालवायला नात. तिने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय. मी तिच्या शेजारी, मागे लॅपटॉप मांडीवर घेऊन साहेब. आणि माझ्या हातात वाटीभर ताक.

"हे कशाला?" नातीने विचारलं.

"तुझं यंत्र तपासायला. वाटी हिंदकळली तर नापास."

"आजी, थोडं कलू देणारं सेटिंग आहे, ते लावते. ते बेस्ट आहे."

"थोडं का? पूर्ण सपाट होत नाही का?"

"होतं. पण आम्ही करत नाही. चालवणाऱ्याला अंदाज येत नाही."

"मी चालवणारी नाही. सपाट कर. मला कलणं या प्रकारात आता काहीही शिल्लक नकोय."

साहेब मागून म्हणाले, "करू या. आजींची इच्छा."

नातीने माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच मी तिच्या आईकडे बघायचे, गरम तव्याला हात लावते म्हणाली की. तिने काहीतरी दाबलं आणि आम्ही निघालो.

सरळ रस्त्यावर काय सांगू! उजवं चाक खड्ड्यात जाऊन आलं ते फक्त आवाजावरून कळलं. मी मनात ताईला फोन लावायलासुद्धा घेतला. मग पहिलं वळण आलं. गाडी खरोखर कलली नाही. पाटासारखी सपाट राहिली. आणि ताक उठलं, वाटीच्या काठावरून उडी मारून थेट माझ्या निऱ्यांवर आलं.

"नापास!" मी ओरडले.

"गाडी कलली का?"

"नाही."

"मग ताक का सांडलं?"

मला वाटलेलं, कलणं गेलं की वळण गेलं. गाडी नाही कलली तरी वळण असतंच, आणि ते ताकाला बरोबर कळतं. सपाट बसून फसलेलं असतं ते फक्त आपलं बूड. पुढच्या दोन वळणांवर तर पोटात भलताच प्रकार. नेहमीसारखं ढवळत नव्हतं, पण जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि आणखी एक पायरी निघावी, तसा प्रत्येक वळणाला धक्का. वळण सुरू कधी होतं ते कळेचना.

नातीने गाडी कडेला घेतली. "आजी, वेग बघितलास का माझा? मला वाटत होतं मी हळू जातेय. सपाट गाडीत मलाच कळत नाही किती जोरात चाललेय. गाडी जराशी कलते ना, तो तिचा आपल्याशी बोलायचा मार्ग असतो. वळण आलं, एवढं आहे, आता बास. ते बोलणंच बंद केलं की..."

"कळलं, कळलं. नवरा-बायकोत अबोला धरल्यासारखं होतं."

"आता आपल्याला लागली का, आजी?" साहेबांनी मागून कागदी पिशवी पुढे केली.

"अक्कल लागली. गाडी अजून नाही. लावा तुमचं ते थोडं कलणारं."

मग त्या दोघांची खूप खटपट झाली. अशा दांड्या दोन असतात, एक पुढच्या चाकांत, एक मागच्या. पुढचीच फार आवळली तर गाडीचं नाक वळायला नाखूश, ढकलावं लागतं. मागचीच आवळली तर शेपूट पुढे घुसायला बघते. दोघींत काम वाटून देणं हीच नातीची कारागिरी. दोन सुनांच्या घरात जन्म काढलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या की चौथ्या फेरीला गाडी अशी काही वळली, की वळायच्या आधी किंचित मान तुकवून "चलायचं ना?" म्हणाली, आणि तेवढ्यावर थांबली. लागोपाठ डावं-उजवं आलं तरी झोका नाही.

मी सैलावले. आणि इतक्यात नात खुदकन हसली.

"आजी, तू काय करतेयस?"

"काय?"

"वळणात झुकतेयस. आतल्या बाजूला. मघाशी ताठ बसली होतीस."

अगंबाई! माझी जुनी खोड. मग मला ती गोष्ट सांगावीच लागली. तरुणपणी मी मोपेडवर सगळं पुणं पालथं घातलंय. एसटीत पुतळा होणारी मी मोपेडवर नदीपात्राच्या रस्त्याला वळायचे तेव्हा अशी झुकायचे, की पदर रस्ता झाडत यायचा. दुचाकीवर माणूस वळणाच्या आत झुकतो. चारचाकी वळणाच्या बाहेर कलते. हा फरक माझ्या डोक्यात शिरला नाही. ह्यांनी पहिली कार घेतल्यावर मी दिमाखात क्लास लावला. स्टिअरिंगवर मी उजवीकडे, शिकवणारे मास्तर डावीकडे. डावं वळण आलं की मी मोपेडच्या सवयीने झुकायचे ती थेट मास्तरांच्या खांद्यावर. मास्तर सोवळे, पेठेतलेच. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, सरळ बसा." दुसऱ्या दिवशी दाराला चिकटून बसले. तिसऱ्या दिवसापासून मला फक्त उजवीकडे वळवायला लागले. चार उजवी वळणं घेतली की माणूस निघाला तिथेच परत येतो. मी महिनाभर कार शिकले, नारायण पेठेबाहेर काही पडले नाही. शेवटी मास्तरांनीच ह्यांना निरोप पाठवला, की वहिनींना मोपेडच शोभते.

साहेबांना अर्थ लागायला जरा वेळ लागला, पण लागल्यावर लॅपटॉप मिटून हसले. नात मात्र हसता हसता थांबली.

"आजी, त्या महिन्यात तुला गाडी लागली?"

"कशी लागेल? मी लिंबू ठेवायचे ना पुढ्यात."

"एसटीतही ठेवायचीस?"

"ठेवायचे."

"मग?"

मी लिंबाच्या बाजूने आणखी काही पुरावा आठवून पाहिला. नव्हता.

"अगं, ड्रायव्हरला गाडी का लागत नाही माहितेय? त्याला वळण आधी कळतं आणि तो आपोआप मान आत झुकवतो. प्रवासी बेसावध असतो, त्याचं डोकं बाहेर फेकलं जातं. तू झुकत होतीस म्हणून बरी होतीस. तुला सरळ बसा कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच. मास्तरांनी. पुण्याने. सगळ्यात जास्त मीच." मी जरा विचार केला. "म्हणजे मी तेव्हा मूर्ख नव्हते म्हणायची."

"होतीस. पण फक्त मानेच्या वर. मान शहाणी होती."

"राहू दे. कळलं."

पसरणीच्या दिवशी आम्ही चौघं निघालो. नात, शेजारी मी, मागे साहेब आणि आमचे हे. ह्यांच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. वाई मागे पडलं तसा त्यांनी पुड्याचा दोरा सैल करायला घेतला.

"हे काय?"

"काही नाही. तयारीत असलेलं बरं."

घाट सुरू झाला. इतक्या वर्षांत घाट बदललेला नव्हता. तोच उजवीकडे डोंगर, तीच डावीकडे दरी, तेच पहिलं वळण. माझ्या पोटाने जुनी ओळख दाखवली. मी दोन्ही हात सीटवर घट्ट रोवले आणि ताठ झाले.

"आजी," नात पुढे बघतच म्हणाली, "मोपेड."

मी रस्त्याकडे बघितलं. वळण येताना दिसलं. गाडीने हलकेच मान तुकवून सांगितलं, आणि मी पदर खोचून झुकले. आत. पुढचं उजवं, मी उजवीकडे. डावं, मी डावीकडे. तिथे आता कुणी सोवळे मास्तर नव्हते. नव्हतंच कुणी ओशाळायला. मागून दर वळणाला ह्यांचा आवाज येत होता, "वाटू का?"

"नको!"

"आता? वाटू?"

"अहो, नको म्हणते ना!"

साहेबांनी हळूच विचारलं, "हे काय वाटणार आहेत?" तेव्हा ह्यांनी त्यांना एसटीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मी अडवलं नाही. मला वेळ नव्हता, मी वळत होते. खाली कृष्णेचं खोरं, वाईची देवळं एवढीएवढी, वरून गार वारा. अंबाडा सुटला. हा घाट एवढा देखणा आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं. मागच्या खेपेला मी फक्त पुड्याचा तळ बघितला होता.

घाटमाथा आला तेव्हा साहेबांनी विचारलं, "आजी, आपल्याला गाडी लागली का?"

"हो," मी म्हटलं. "तुम्हाला येतं त्या मराठीत. अशीच एक लागते आता."

ताई व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर. फाटकातून मला येताना बघून तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आम्ही येतोय हे नातीने तिला सांगितलं नव्हतं, मीही नाही. नाहीच जमलं तर पुन्हा हसायला नको म्हणून.

"कशी आलीस?" तिने विचारलं.

"वाकडी होऊन," मी म्हटलं.

मी तिच्या पायाशी बसले. बराच वेळ ती माझ्या सुटलेल्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिली. मग ह्यांनी पुडा तिच्या हातात दिला. डोळे पुसून ताई लगेच मूळपदावर. पुडा कानाशी नेऊन हलवला, वजन जोखलं, झाकण बोटाएवढं उघडून आत वाकून पाहिलं.

"पेढेच आहेत," ह्यांनी साक्ष दिली.

"एक कमी दिसतोय."

"तो ह्या साहेबांना दिला. ते म्हणाले, अभिनंदन."

ताई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. "अगं बस ना, गुडघे," मी म्हणतेय तोवर ती उभीसुद्धा राहिली, माझ्या खांद्याचा आधार घेत.

"उठू दे. तांदूळ, नारळ आत आहेत," ताई म्हणाली. "मागच्या वेळची ओटी फुकट गेली. आज खरी भरते."

एवढ्या वर्षांनी कशाची ओटी, हे मी विचारलं नाही. दोघी एकमेकींकडे कलत, एकीचे गुडघे नि एकीची कंबर सांभाळत, आम्ही आत गेलो, आणि मी पदर पुढे केला.